काळीचे पॉइंट काढले तेव्हा

गाडी सुरू न झाल्यामुळं आमच्या घरात ज्यांनी मार खाल्ला त्यांत माझी आई होती, मोठा भाऊ होता, मी होते, पगारी ड्रायव्हर होते, एक पाहुणा होता आणि एक कुत्रं होतं. पाहुणा फक्त एवढंच म्हणाला होता की चोक ओढून बघा.

गाडी विलायती. वडिलांनी ती पोलीस अॅक्शननंतर, हैदराबादला निघालेल्या एका जहागीरदाराच्या घरातून घेतलेली. काळीकुळकुळीत, चार दरवाजांची, लांब नाकाची. घरात तिला काळी म्हणत. तिच्या बंपरखालच्या भोकातून एक लोखंडी हँडल आत घालायचं, इंजिनला अडकवायचं आणि खालून वर हिसका मारायचा. इंजिन लागलं तर ठीक. नाही लागलं तर वडील हँडल बाहेर ओढत, वळत आणि जवळ असेल त्याला हाणत. लांब उभं राहणं हा उपाय सगळ्यांना माहीत होता. पण कुणीतरी आत बसून एक्सलेटर दाबायला लागे आणि नाव पुकारलं की जावंच लागे.

हँडल स्वतःही मारायचं. करंट वेळेआधी पडला की इंजिन उलटा झटका देतं आणि हँडल हात मोडून जातं. म्हणून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीभोवती वळवायचा नाही. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, कॉलेजात असताना एकदा चुकला. मनगटाचं हाड मोडलं आणि कातडी आतून तंबूसारखी वर आली. वडिलांनी आधी त्याच्या थोबाडीत मारली आणि मग त्याला दवाखान्यात नेलं.

वडील गेले. हँडल दादाकडं आलं आणि हँडलाबरोबरचं बाकीचंही सगळं आलं. एका दसऱ्याला वहिनी गाडीच्या पूजेचं ताट घेऊन उभी होती. गाडी लागली नाही. हळदकुंकू अंगणभर झालं आणि वहिनीच्या कानाचा पडदा फाटला. ती माहेरी गेली ती परत आली नाही. दादा सांगत फिरायचा की तिला शहरात करमत नव्हतं.

आमचं मूळ गाव पिशोर. थोरल्या चुलत्यांचं घर तिथंच राहिलं, शेती करत. वडील शहरात आले. आमच्या भावकीत रिवाज असा की नवरदेव लग्नाआधी मारुतीच्या दर्शनाला घोड्यावरून जात नाही, काळीत बसून जातो. शेतीत आमचा हिस्सा नव्हता, भांडणात नव्हता, पण प्रत्येक लग्नात काळीच्या रूपानं आमचं घर सगळ्यांच्या पुढं असायचं.

चुलत भावाच्या थोरल्या मुलाच्या लग्नात काळी नेमकी मारुतीच्या पारापुढं बंद पडली. ऊन माथ्यावर, बँड थांबलेला, फेट्यातून घाम गळतोय. दादा हँडल मारतोय, मारतोय. चुलत भाऊ हसत म्हणाला, “घोडं केलं असतं तर बरं झालं असतं. घोडं निदान लाथ तरी मारतं.”

दादानं हँडल बाहेर काढलं आणि त्याच्या कपाळावर मारलं. भुवईपासून टोपीच्या कडेपर्यंत कपाळ उघडं पडलं. आत बसलेल्या नवरदेवाच्या पांढऱ्या कोटावर खिडकीतून थेट शिंतोडे उडाले, कारण काच खाली होती. मग खुर्च्या फिरल्या. चुलत भावाच्या दोघा धाकट्या भावांनी मांडवाची बल्ली उपसली आणि दादाच्या बरगड्या मोडल्या. एका म्हाताऱ्याचे दात मातीत सापडले. मंगलाष्टकं झाली ती अशी, की निम्मी भावकी सरकारी दवाखान्यात होती. गावातल्या जाणत्यांनी मध्ये पडून केस होऊ दिली नाही, पण दोन्ही घरांचं येणंजाणं तुटलं.

बरीच वर्षं गेली. मी तोवर चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होते. नट कुठल्या खणात, बेअरिंग कुठल्या फळीवर, कशाचा साठा संपत आलाय, हे रोज सकाळी कागदावर उतरवायचं आणि संध्याकाळी खोडायचं. घरीही तेच. माझं सासर क्रांती चौकापलीकडं, माहेर चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळं आईची औषधं, दादाची बिलं आणि घराची गळती याही गोष्टी माझ्याच कागदावर असत. एका रविवारी मी आईची औषधं लावत होते तेव्हा तो चुलत भाऊ दारात आला.

तो आईच्या पाया पडला. चहा घेतला नाही.

“काकू, धाकट्याचं लगीन काढलं. काळी पाठवा.”

“तुला खरंच पायजे का?” आईनं विचारलं.

“मला नाय पायजे. रिवाजाला पायजे. माझा पोरगा घोड्यावर गेला तर भावकी म्हनंल, ही दोन घरं मेली एकमेकाला.” त्यानं टोपी मागं सरकवली. व्रण तसाच होता, बोटभर रुंद, चकचकीत. “पण ताई, तू पण ऐक. माझ्या दोघा भावांनी काठ्या तेल पाजून ठेवल्यात. मी त्यांच्याकडून शब्द घेतला, गाडी चालली तर काठ्या कोपऱ्यात. बंद पडली अन् हँडल निघालं, तर या खेपेला मी आडवा पडनार नाय. मग तुमचा माणूस तुम्ही झाकून न्यायचा.”

दादा अंगणात होता. तिथूनच ओरडला, “काठ्या ठिवल्या तशी राहिलेली भुवई पन तयार ठिव!”

चुलत भावानं टोपी नीट केली आणि निघून गेला. आईनं औषधांचा डबा बाजूला सारला. मग म्हणाली, “माझ्या तेराव्याला दोन्ही घरं एका पंगतीत बसली नाय तर मी वर गेल्यावर तुझ्या बापाला काय तोंड दाखवू? त्याच्या आधी जित्तेपणी एकदा बसलेली बघू दे. दादाचं डोकं शाबूत ठिवून.”

म्हणजे काम असं: वरात मारुतीपर्यंत जायची आणि परत यायची, आणि कुणाचं डोकं फुटायचं नाही. मी हिशेब सरळ मांडला. गाडी बंद पडते, हँडल बाहेर येतं, हँडल माणसाला लागतं. या साखळीतली शेवटची कडी मला कधीच जमली नव्हती. दादाला बदलायचा उद्योग आईनं, वहिनीनं, एका महाराजांनी आणि एका डॉक्टरांनी करून पाहिला होता. पहिली कडी मात्र लोखंडाची होती आणि लोखंडाचं मला कळत होतं.

काळीच्या इंजिनावर एक डबी असते, ती चारी प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटते. तिला डिस्ट्रीब्यूटर म्हणतात. तिच्या आत पॉइंट असतात, धातूचे दोन लहान ओठ. ते उघडमीट करतात आणि दर उघडण्याला ठिणगी पडते. हे ओठ जळतात, झिजतात, त्यांच्यातली फट बदलते. शेजारी कंडेन्सर असतो, तो तापला की मान टाकतो. वरातीत गाडी बँडच्या मागं माणसाच्या चालीनं जाते, वारा लागत नाही, वरून उन्हाळा. काळी दरवेळी तिथंच का मरायची याचं उत्तर त्या डबीत होतं. यावर एक किट मिळतं. पॉइंट आणि कंडेन्सर काढून टाकायचे, त्या जागी बोटाएवढा बंद तुकडा बसवायचा आणि मधल्या फिरत्या दांड्यावर चुंबकाची कडी. कडी फिरते, तुकड्याला चुंबक कळतं, ठिणगी पडते. काहीच कशाला घासत नाही. आमच्या खरेदी विभागातल्या एका बाईंच्या ओळखीनं मी ते बाहेरून मागवलं. दोन मागवली. मी कुठलाच सुटा भाग एक मागवत नाही. सेल्फची, म्हणजे हँडलाशिवाय इंजिन फिरवणारी, मोटरही नव्यानं तार गुंडाळून आणली, म्हणजे हँडलाची गरजच राहू नये.

बसवायला मोंढ्याजवळच्या गॅरेजचे मिस्त्री आले. दादाच्याच वयाचे, पैलवानी अंगाचे, सतत बोलणारे, मला बाजी, म्हणजे ताई, म्हणणारे. दादा पायरीवर बसून बघत होता.

“विलायती म्हातारीला कंप्युटर लावताय व्हय?”

“अरे भाई, कंप्युटर नै, चुंबक है चुंबक,” मिस्त्री म्हणाले. “तुमारे हात का काम खतम, देखो अब. बाजी एक उँगली से चालू करेंगे.”

हे वाक्य बोलायला नको होतं. दादाच्या जबड्याचा स्नायू हललेला मी पाहिला.

मिस्त्रींनी पॉइंट सोडवले, तुकडा बसवला, कडी दांड्यावर दाबली, दोन वायरी ठिणगीचा करंट वाढवणाऱ्या कॉइलला नेल्या. काम छान झालं होतं. मग दादा आत गेला आणि बॅटरी घेऊन आला. त्याची रीत अशी होती की गाडी लावली की बॅटरी काढून स्वतःच्या खाटेखाली ठेवायची. त्याच्याशिवाय कुणी काळीला हात लावू नये म्हणून. त्यानं बॅटरी बसवली, वायरी कसल्या. मिस्त्रींनी चावी फिरवली.

डबीतून आधी वास आला, मग धूर. बारीक, पांढरा, नळीतून फुंकल्यासारखा. तुकडा संपला.

“चुंबक!” दादा म्हणाला आणि हातातला पाना मिस्त्रींच्या बोटांवर मारला. बोटं बंपरच्या कडेवर होती. मिस्त्री ओरडले नाहीत. त्यांनी दुसऱ्या हाताची मूठ दादाच्या नाकावर अशी घातली की आवाज दिवाणखान्यापर्यंत गेला असावा, मी तर हातभर अंतरावर होते. दोघं खाली पडले. दादा त्यांच्या कानाला चावला. मिस्त्रींनी त्याचं डोकं केसाला धरून फरशीवर आपटलं, पुन्हा आपटलं. मी आधी जॅक काढून घेतला, मग पाने, मग पेट्रोलचा डबा, म्हणजे हाताशी काही राहू नये. मग धुणं धुवायची बादली दोघांवर ओतली. ते सुटले ते पाण्यामुळं नाही, दम संपल्यामुळं.

मिस्त्री उठले. बोटं निळी पडत होती. जाता जाता त्यांनी इंजिनात एकदा डोकावलं आणि थांबले.

“बाजी, ये बॅटरी कौन उल्टा बिठाया?”

आता हे सांगायला हवं. आताच्या गाड्यांत बॅटरीचं वजा टोक बॉडीला जोडतात. त्या काळच्या विलायती गाड्यांत अधिक टोक बॉडीला असायचं. गाडीचं जुनं पुस्तक वाचून मी किट त्याच पद्धतीचं मागवलं होतं. दादानं वजा टोक बॉडीला जोडलं होतं.

“मी?” दादा नाकातलं रक्त शर्टाला पुसत म्हणाला. “आजवर ज्या बाजूनं वायर पोचती त्या बाजूनं लावतो. काय झालं का तिला?”

काहीच झालं नव्हतं, हे खरं होतं. पॉइंटांना अधिक-वजाचं सोयरसुतक नसतं, ते कसेही चालतात. वर्षानुवर्षं काळीची बॅटरी कधी सुलट, कधी उलट बसत होती आणि गाडी कधी जोमात लागायची, कधी मरगळल्यासारखी. फरक पडतोय हे त्या घरात कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. गाडी नाही लागली तर तिथं वायरी तपासत नसत, माणूस शोधत.

“और तुम देखे नै?” मी मिस्त्रींना म्हणाले.

“लाल वायर मायनस पे देखके लगा था के कुछ गडबड है,” ते म्हणाले. “आपके भाई को पूछने का था. पूछता तो भी मारता, नै पूछा तो भी मारा.” आणि पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही असं सांगून गेले.

दुसरं किट मी बसवलं. मिस्त्री गॅरेजमध्ये पट्टी बांधलेल्या हातानं फोन धरून सांगत होते, मी मोबाइल खांद्यात दाबून करत होते. आधी बॅटरीचा बंदोबस्त केला. दोन्ही वायरी कापून अशा आखूड केल्या की उलट बाजूला त्या पोचूच नयेत, आणि बॅटरी पट्टीनं जखडून पट्टीला कुलूप लावलं. मग मीटर लावून टोकं तपासली. मग तुकडा. तुकडा आणि कडी यांच्यात कागद सरकेल एवढी फट. मग टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते. डबी केसभर फिरवायची, पुलीवरची खूण बघायची. “आहिस्ता, बाजी, बहोत आहिस्ता. ये बीवी का कान नै, डिस्ट्रीब्यूटर है,” फोनमधून आवाज आला. मी फोन ठेवून दिला.

सेल्फची दांडी ओढली. काळी पहिल्याच ओढीला लागली. झटका नाही, खोकला नाही. इंजिन एका सुरात फिरत राहिलं. आत आईनं टाळ्या वाजवल्या.

दादा बाहेर आला तेव्हा हँडल त्याच्या हातात होतं. आवाज ऐकायच्या आधीच तो ते घेऊन निघाला असावा. त्यानं चालू गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

“आता तर कुनी पन चालू करील.”

“तेच तर पाहिजे होतं,” मी म्हणाले.

त्यानं हँडल फिरवलं आणि उजवा दिवा फोडला. काच माझ्या पायांवर उडाली. मला तेव्हा पहिल्यांदा शंका आली की माझी साखळी चुकीच्या टोकापासून मांडली गेलीय. गाडी लागत नव्हती तेव्हा ती लावू शकणारा एकच माणूस होता. तो आडदांड होता, बायको टाकून गेलेली, भांडणांत उडवलेलं आयुष्य, पण लग्नात सगळी भावकी श्वास रोखून त्याच्या दंडाकडं बघायची. ते मी काढून घेतलं होतं.

शंका येऊन उपयोग नव्हता, लग्न तोंडावर होतं. दिवा बदलला. तपासणी म्हणून दौलताबादच्या घाटात नेऊ म्हटलं. चढ, गर्दी, पहिल्या गिअरचं रडगाणं, सगळं तिथं मिळतं. चालवायला दादाच. मी शेजारी. त्यानं घाटात मुद्दाम क्लच सोडून गाडी बंद पाडली. मी हात पुढं केला. दांडी ओढली, लागली. वळणावर पुन्हा पाडली. लागली. प्रत्येक वेळी ती लागली की त्याच्या मानेची शीर आणखी वर यायची. गाडी तापवली, चढावर उभी केली, ती लागली. शेवटी घाटातल्या जुन्या दगडी दरवाजापाशी, जिथून एका वेळी एकच गाडी जाते, त्यानं तिला मधोमध उभी करून ठेवली आणि स्टिअरिंगवर मुठी मारू लागला.

मागच्या जीपवाल्यानं हॉर्न दिला. दादा उतरला. जीपवाल्याला कॉलरला धरून खिडकीतून बाहेर ओढला, अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि त्याचं डोकं जीपच्या दरवाजाच्या कडेवर मारत राहिला. “वाजीव! वाजीव ना!” मी धावले, दादाच्या दंडाला लोंबकळले, त्यानं मला कोपरानं उडवलं तशी मी कमानीच्या दगडावर आदळले. लोकांनी त्याला ओढला. जीपवाल्याचा गाल फाटला होता. माझ्याजवळ नेहमीची पेटी होती, कापूस, पट्टी, चिकटपट्टी. मी त्याला बांधलं, हात जोडले. मागं काळीचं इंजिन शांतपणे फिरत होतं.

घरी येऊन मी आईला सांगितलं, “गाडी बंद पडणार नाही. बाकीचं मी सांगू शकत नाही.”

“जाऊ द्यायचं का मग?”

“तो नाही गेला तर चुलत भाऊ म्हणेल आम्ही तोंड लपवलं. तो गेला आणि गाडी दुसऱ्यानं चालवली तर दादा तिथंच कुणाला तरी मारेल.”

“मग तू त्याच्या शेजारी बस,” आई म्हणाली. दुसरा उपाय मलाही सुचला नव्हता.

पिशोरात आईला, दादाला, मला पाणी दिलं, गूळ दिला, बसायला सतरंजी दिली. चुलत भावाचे दोघं धाकटे भाऊ भिंतीला टेकून उभे होते. काठ्याही भिंतीला टेकून होत्या, त्यांच्या हातापासून वीतभर. कुणी कुणाला वाईट बोललं नाही. “आलात? बरं झालं,” एक जण दादाला म्हणाला आणि त्याच्या बरगड्यांकडं पाहून हसला. “भरून आल्या का?” दादा म्हणाला, “हात लावून बघ.” चुलत भाऊ मध्ये येऊन म्हणाला, “चला, उशीर होतोय.”

मागं नवरदेव आणि त्याची करवली बहीण. पुढं दादा आणि मी. काळीवर झेंडूच्या माळा. बँड पुढं, बायका मागं, आणि दोन्ही बाजूंना ते दोघं भाऊ, आता काठ्या घेऊन. ऊन असं की बॉनेटवरची हवा थरथरत होती. मी डॅशबोर्डवरच्या काट्यांकडं बघत होते, आवाज ऐकत होते. काळी चालत होती. बँड थांबला, ती थांबली, पण इंजिन फिरत राहिलं. लोक नाचले, ते फिरत राहिलं. वेशीपाशी कुणीतरी म्हणालं, “आरं, आज चालतीया की!” आणि हशा पिकला. दादाचा शर्ट पाठीला चिकटला होता. कुणीही त्याच्याकडं बघत नव्हतं. सगळे गाडीकडं बघत होते.

मारुतीच्या पारापुढं, त्याच जागी, त्यानं हात पुढं नेला आणि चावी बंद केली.

मी ते पाहिलं. बाकी कुणी पाहिलं नाही. इंजिन थांबलं, बँडचा सूर वाकडा झाला आणि विझला. दादा उतरला, सीटखालून हँडल काढलं आणि मोठ्यानं म्हणाला, “बंद पडली. व्हा बाजूला.”

कुणी बाजूला झालं नाही. दोघं भाऊ काठ्या छातीपाशी आडव्या धरून पुढं आले. बायका पोरांना ओढून मागं सरकल्या. चुलत भावानं टोपी काढून खिशात घातली. मागच्या वेळी ती रक्तात पडली होती. दादा बंपरपाशी उभा होता, पण हँडल भोकात घालत नव्हता. तो वाट बघत होता, कुणी हसतंय का याची.

मी चालकाच्या सीटवर सरकले, चावी फिरवली आणि दांडी ओढली.

काळी लागली.

एवढ्या शांततेत तो आवाज फार मोठा वाटला. करवली म्हणाली, “बंद कुठं पडली? काकांनी तर…” आणि तिला नवरदेवानं गप्प केलं. पण कळायचं ते कळलं होतं. पारावरचं कुणीतरी हसलं.

दादा खिडकीशी आला आणि आत हात घालून त्यानं माझ्या तोंडावर बुक्की मारली. माझी दाढ हलली, तोंडात रक्त आलं. “तुला कुनी सांगितलं? कुनी सांगितलं तुला?” दुसरी बुक्की कानावर. दोघं भाऊ धावले. चुलत भाऊ त्यांच्या पुढं हात पसरून उभा राहिला.

“बहिनीला हानतोय त्यो!”

“बघितलं म्या. उभं ऱ्हावा.”

“भाऊ, सोड आमाला…”

“उभं ऱ्हावा म्हनलं! त्याच्या अंगाला काठी लागली तर आधी माझ्या लागंल.” मग मला ओरडला, “ताई, त्या दारानं उतर! पोरांनो, उतरा!”

आम्ही पलीकडच्या दारानं उतरलो. दादाला मारायला समोर माणूस राहिला नाही. त्यानं हँडल दोन्ही हातांनी उचललं आणि काळीवर घातलं. पुढची काच गेली. मग बॉनेट, पत्रा खोलगट झाला, रंगाचे पापुद्रे उडाले, झेंडू चिरडले. मग छत, मग दारं, मग पुन्हा बॉनेट. प्रत्येक घावाला तो तोंडानं आवाज काढत होता, लाकूड फोडणाऱ्यासारखा. सगळं गाव उभं राहून बघत होतं. कुणीतरी पुढं व्हायला लागलं तर चुलत भाऊ म्हणाला, “मारू द्या. गाडी त्याची हाय.”

आणि त्या सगळ्यात इंजिन फिरत होतं. बॉनेट चेपलं, आवाज तसाच. मागचा दिवा गेला, आवाज तसाच. दादा मधूनच थांबून ऐके आणि पुन्हा मारी. शेवटी त्याचे हात वर जाईनात. हँडल मातीत पडलं. तो पाराच्या कट्ट्यावर बसला आणि डोकं गुडघ्यांत घातलं.

मी काच झटकून आत हात घातला आणि चावी बंद केली.

नवरदेव मारुतीपर्यंतची उरलेली पावलं चालत गेला. त्याच्या कोटावर डाग नव्हता. लग्न वेळेवर लागलं. आई खुर्चीत बसून होती, तिनं माझा सुजलेला गाल एकदा पाहिला. पंगतीत कोण कुणाच्या शेजारी बसलंय तेच बघत राहिली. चुलत भावाचे दोघं भाऊ तिच्या समोरच बसले. एकानं तिला वाकून विचारलं, “काकू, बुंदी?”

एक जागा रिकामी होती. चुलत भावानं ताट भरून घेतलं, वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी, आणि पाराकडं गेला. थोड्या वेळानं तो परत आला तो रिकाम्या हातानं. सदऱ्यावर वरण ओघळत होतं, टोपीवर भाताची शितं, आणि कपाळावरच्या जुन्या व्रणाच्या कडेला नवा ओरखडा, ताटाच्या काठाचा. दोघं भाऊ पानावरून उठले. त्यानं त्यांना हातानंच खाली बसवलं. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. वाढायचं भांडं माझ्याकडं होतं.

“ताई,” तो म्हणाला, “दुसरं ताट वाढ.”